बीएस-एमडी घ्यावं की नाही? अमेरिकेतल्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत सप्टेंबर उजाडला की बारावीतल्या मुलांच्या आईवडिलांचे फोन सुरू होतात. गणपतीची आरती संपून प्रसाद हातात असतानाही विषय हाच निघतो. मी बालरोगतज्ज्ञ आहे. माझ्या हाताखाली मेडिकलचे विद्यार्थी शिकून जातात, आणि ओळखीतल्या बऱ्याच मुलांना या रस्त्याने जाताना, काहींना मधूनच वळताना मी जवळून पाहिलं आहे. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांना मी देते ती उत्तरं इथे लिहिली आहेत. नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या त्या कॉलेजचे चालू वर्षाचे नियम स्वतः वाचाच.

बीएस-एमडी म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत बारावीनंतर सरळ मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, तिच्यात जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्राचे ठरावीक विषय, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, मग पंधरा-वीस मेडिकल कॉलेजांना अर्ज, मुलाखती, आणि जागा मिळाली तर एमडीची चार वर्षं. (इथली एमडी आपल्याकडच्या एमबीबीएसच्या जागी येते.) बीएस-एमडी किंवा बीए-एमडीमध्ये बारावीतच दोन्ही प्रवेश एकत्र ठरतात: पदवीची जागा लगेच, आणि अटी पाळल्यास मेडिकलची जागा राखीव.

त्यातही प्रकार आहेत. ब्राऊन विद्यापीठाचा पीएलएमई हा कार्यक्रम आठ वर्षांचा आहे, त्याला एमकॅट लागत नाही, आणि पदवीच्या चार वर्षांत मूल इतिहास किंवा संगीत घेऊनही शिकू शकतं. युनियन कॉलेज आणि ऑल्बनी मेडिकल कॉलेज यांचा आठ वर्षांचा कार्यक्रम आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवीही देतो. आमच्या न्यू जर्सीत द कॉलेज ऑफ न्यू जर्सी किंवा एनजेआयटी (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) इथे तीन वर्षं आणि नेवार्कच्या रटगर्स न्यू जर्सी मेडिकल स्कूलमध्ये चार, असे सात वर्षांचे मार्ग आहेत. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाचा, म्हणजे क्यूनीचा, पूर्वी सोफी डेव्हिस नावाने ओळखला जाणारा कार्यक्रमही सात वर्षांचा. डॉक्टरांची टंचाई असलेल्या वस्त्यांसाठी डॉक्टर घडवायचे हा त्याचा हेतू आहे आणि तो अर्जात कसून तपासला जातो. मिसूरीत यूएमकेसीचा (मिसूरी विद्यापीठ, कॅन्सस सिटी) कार्यक्रम १९७१ पासून चालू आहे. तो सहा वर्षांत संपतो आणि मूल पहिल्या वर्षापासून रुग्णांजवळ जातं.

हे सगळं एकाच नावाखाली येतं म्हणून लोक एकाच तराजूत तोलतात. ब्राऊनची आठ वर्षं आणि मिसूरीची सहा वर्षं यांत फार थोडं साम्य आहे. "बीएस-एमडी चांगलं का?" असं मला कुणी विचारलं, की मी आधी विचारते, कुठलं?

नेहमीच्या रस्त्याने मेडिकलला जागा मिळण्याची शक्यता किती?

अलीकडच्या वर्षांत अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांना दरवर्षी सुमारे ५२ हजार मुलं अर्ज करतात आणि सुमारे २३ हजार मुलांना प्रवेश मिळतो. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं त्या वर्षी रिकाम्या हाताने परततात. त्यातली काही पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करतात. याशिवाय सेंद्रिय रसायनाच्या वर्गातच ज्यांनी विचार बदलला, ती मुलं या आकड्यांत धरलेलीच नाहीत.

हे आकडे ऐकून आईवडिलांच्या पोटात गोळा येतो, ते समजण्यासारखं आहे. पण एक गोष्ट शांतपणे लक्षात घ्या. बीएस-एमडीला निवडली जाणारी मुलं शाळेत अगदी वरच्या फळीतली असतात. बहुतेक ठिकाणी जागा दहा-वीस आणि अर्ज शेकड्यांनी. जे मूल या चाळणीतून पार होतं, ते चार वर्षांनी नेहमीच्या रस्त्याने अर्ज करून बसलं, तर सरासरी उमेदवारापेक्षा त्याची शक्यता बरीच चांगली असते. त्यामुळे राखीव जागेमुळे टळणारा धोका खरा असला, तरी तुमच्या मुलासाठी तो आकड्यांत दिसतो तेवढा मोठा नाही. मला वाटतं, सारा हिशोब इथूनच सुरू व्हायला हवा. राखीव जागा घेताना आपण एक धोका कमी करतो आणि त्या बदल्यात निवडीचं स्वातंत्र्य देतो. ही अदलाबदल काही मुलांच्या फायद्याची असते, काहींच्या नसते.

राखीव जागा खरंच राखीव राहते का?

अटींवर. ऑफरचं पत्र आलं की घरात पेढे वाटले जातात आणि अटींचा कागद मागे राहतो.

साधारणपणे तीन प्रकारच्या अटी असतात. पहिली जीपीएची, म्हणजे पदवीतल्या श्रेणींच्या सरासरीची: एकूण आणि विज्ञान विषयांचा वेगळा. कुठे ३.५, कुठे त्याहून वर, आणि काही ठिकाणी एखाद्या विषयात ठरावीक श्रेणीच्या खाली गेलं तरी प्रकरण समितीपुढे जातं. दुसरी एमकॅटची. काही कार्यक्रमांत परीक्षाच नाही, काहींत नुसती द्यावी लागते, आणि काहींत ठरावीक गुण मिळवावेच लागतात. ही तिसरी तऱ्हा असेल तर 'एमकॅटची कटकट वाचली' हा फायदा यादीतून खोडून टाका. एमकॅट ५२८ गुणांची, दिवसभर चालणारी परीक्षा आहे, आणि मेडिकलला गेलेल्या मुलांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास असते. तुमच्या कार्यक्रमाची अट या आकड्याजवळ असेल, तर नेहमीच्या रस्त्यावरच्या मुलाइतकाच अभ्यास तुमच्या मुलालाही करावा लागेल.

तिसरी अट पुष्कळ जणांना फार उशिरा कळते. काही कार्यक्रमांत मुलाने दुसऱ्या मेडिकल कॉलेजला अर्ज केला की राखीव जागा जाते. काहींत अर्ज करायला मुभा असते. या एका वाक्यावर पूर्ण निर्णय फिरू शकतो, म्हणून ते लेखी घ्या. मुलाखतीत कुणी तोंडी सांगितलेलं पुरत नाही.

आणि कार्यक्रम स्वतःही कायमचे नसतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा १९६१ पासून चाललेला, अतिशय नावाजलेला एकत्रित कार्यक्रम आता नवीन मुलं घेत नाही. आत आलेल्या मुलांना अशा वेळी सहसा पूर्ण करू देतात, पण धाकट्या भावंडासाठी त्याच कॉलेजवर भिस्त ठेवू नका.

आजोबा म्हणतात, "पुण्यात साडेपाच वर्षांत डॉक्टर होतो, इथे आठ वर्षं कशाला?" काय सांगू?

आजोबांचा हिशोब बरोबर आहे. भारतात एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिकडे पदवीचं वेगळं शिक्षण मध्ये येत नाही. अमेरिकेत ते येतं, आणि त्यानंतर रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घ्यायच्या प्रशिक्षणाची, तीन ते सात वर्षं आहेतच. बीएस-एमडी घेऊन त्यातलं फार तर एक वर्ष कमी होतं, यूएमकेसीसारख्या ठिकाणी दोन. बाकी सगळं तसंच राहतं.

माझ्या मते आपल्या पिढीचा ओढा बीएस-एमडीकडे याच आठवणीतून येतो. बारावीचा निकाल, प्रवेशाची यादी, 'मेडिकलला लागला' हे वाक्य, आणि मग आयुष्य मार्गी लागलं ही भावना. आपण त्यातून गेलो म्हणून मुलांनाही तीच सुटका द्यावीशी वाटते. त्या मायेबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण इथे सतराव्या वर्षी लागलेला शिक्का पुढची सात-आठ वर्षं मुलाला स्वतः टिकवावा लागतो. आईवडिलांना मिळालेली निश्चिंती आणि मुलाची इच्छा या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, हे घरात मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे.

सतरा वर्षांच्या मुलाला खरंच डॉक्टर व्हायचंय हे ओळखायचं कसं?

गुणांवरून ओळखता येत नाही. 'मला विज्ञान आवडतं आणि लोकांना मदत करायला आवडते' या वाक्यावरूनही नाही, ते प्रत्येक अर्जात असतं.

मी मुलांना विचारते: आजारी माणसाजवळ तू किती वेळ घालवला आहेस, आणि त्यातला कंटाळवाणा वेळ कसा गेला? एखाद्या डॉक्टर काकांच्या मागे दोन दिवस फिरणं म्हणजे शॅडोइंग झालं, पण त्यात मूल फक्त बघतं. वृद्धाश्रमात दर शनिवारी जाऊन जेवण भरवणं, हॉस्पिटलात व्हीलचेअर ढकलणं, गावातल्या फर्स्ट एड स्क्वॉडबरोबर रात्रीच्या पाळीला जाणं, यात खरं काय ते कळतं. उलटी, रडणं, चिडलेले नातेवाईक, संगणकावर नोंदी करत बसलेल्या दमलेल्या परिचारिका हे सगळं पाहून जे मूल पुढच्या शनिवारी पुन्हा जातं, त्याच्या बाबतीत मला विश्वास वाटतो.

आणखी एक प्रश्न मी विचारते, आईवडील खोलीत नसताना. राखीव जागा मिळाली नाही, चार वर्षं खपून अर्ज करावा लागला, कदाचित दोनदा करावा लागला, तरी तू या रस्त्याला जाशील का? उत्तर ताबडतोब 'हो' आलं, तर बीएस-एमडी त्याला नक्की शोभेल. मूल थांबलं, खाली बघू लागलं, तर त्याला चार वर्षं मोकळी द्या. अजून ठरलेलं नसणं हे त्या वयाला साजेसंच आहे.

मध्येच मन बदललं तर?

आठ वर्षांच्या कार्यक्रमात फारसं बिघडत नाही. चार वर्षांची पदवी हातात येते आणि मूल दुसरीकडे जातं. सात वर्षांच्या बऱ्याच कार्यक्रमांत मात्र पदवी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे क्रेडिट धरून मिळते. तिसऱ्या वर्षाअखेर मूल थांबलं तर पदवी पूर्ण करण्यासाठी आणखी एक वर्ष काढावं लागतं. सहा वर्षांच्या रचनेत दोन्ही शिक्षणं एकमेकांत गुंफलेली असतात, तिथून बाहेर पडणं सर्वांत अवघड.

म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी एक कसोटी लावा: मेडिकलचा भाग कागदावरून पुसून टाकला, तरी या पदवी कॉलेजात मुलाला पाठवलं असतं का? उत्तर ठाम 'नाही' असेल, तर सगळी भिस्त सतरा वर्षांच्या मनावर टाकल्यासारखं होतं.

सात वर्षं बरी की आठ?

माझं झुकतं माप आठ वर्षांना आहे. वाचलेल्या एका वर्षाची फी वाचते, कमाई एक वर्ष आधी सुरू होते, हे खरंच. पण तीन वर्षांत पदवी उरकताना उन्हाळे क्लासांत जातात, आणि संशोधन, प्रवास, दुसरी भाषा, एखादं नाटक यांना जागा उरत नाही. नेहमीच्या रस्त्याने येणारी बरीच मुलं आता पदवीनंतर एक-दोन वर्षं नोकरी किंवा संशोधन करून मग मेडिकलला येतात. ती तेवीस-चोवीस वर्षांची असतात, आणि रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहिलं की तो वयाचा फरक दिसतो. वीस वर्षांच्या विद्यार्थिनीला मी कर्करोगाचं निदान सांगायच्या खोलीत उभं केलं आहे. ती हुशार होती, आणि फार लहान होती.

"मुलगी आहे, लवकर संपलेलं बरं" असं घरात म्हणतात.

हे मी मुलग्यांच्या बाबतीत कधी ऐकलेलं नाही. एक वर्ष वाचल्याने लग्न किंवा मूलबाळ यांचं गणित सुटत नाही, कारण खरी ओढाताण रेसिडेन्सीत असते, आणि रेसिडेन्सी कुणालाच चुकत नाही. मुलीने कार्यक्रम तिच्या आवडीवर, कॉलेजवर आणि खर्चावर निवडावा. बाकीचं तिला पुढे ठरवू द्या.

खर्चाचं काय? बीएस-एमडी स्वस्त पडतं का?

सहसा नाही, निदान आपोआप नाही. मेडिकलची चार वर्षं, राहण्याजेवण्यासकट, सरकारी कॉलेजात तीन लाख डॉलरच्या जवळ आणि खासगीत चार लाखांच्या आसपास जातात. बीएस-एमडीमुळे त्या भागात सूट मिळत नाही. त्याआधीची पदवी खासगी कॉलेजात असेल तर तिचे वेगळे.

कर्जाच्या नियमांतला बदल या वर्षी अर्ज करणाऱ्या प्रत्येक घराने समजून घ्यायला हवा. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने, १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होतं. आतापर्यंत मेडिकलचा पूर्ण खर्च त्यातून भागत असे. आता मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच. पालकांच्या नावावरच्या पॅरेंट प्लस कर्जालाही एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा आली. म्हणजे महागड्या खासगी कॉलेजात उरलेली रक्कम स्वतःच्या खिशातून किंवा खासगी कर्जातून उभी करावी लागेल. खासगी कर्जाला सहसा सहस्वाक्षरी लागते, आणि ती सही तुमची असेल.

या कारणाने मी आजकाल पालकांना सांगते: पदवीवर पैसे वाचवता आले तर वाचवा, मेडिकलला ते लागणार आहेत. आपल्या राज्याच्या विद्यापीठात चांगल्या शिष्यवृत्तीवर पदवी केलेलं मूल मेडिकलच्या दाराशी मोकळ्या खिशाने पोचतं, त्याचं मोल फार आहे. राज्याच्याच विद्यापीठाशी आणि राज्याच्याच मेडिकल कॉलेजशी जोडलेला बीएस-एमडी मिळाला, तर तो पैशाच्या बाजूने बहुधा सर्वांत भक्कम पर्याय ठरतो.

बीएस-एमडी घेतल्यामुळे काय हुकू शकतं?

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने २०१८ मध्ये सर्वांची शिक्षण फी माफ केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांनी ब्रॉन्क्समधल्या अल्बर्ट आइनस्टाइन मेडिकल कॉलेजला एक अब्ज डॉलर दिले आणि तिथेही फी माफ झाली. त्याच वर्षी जुलैत मायकेल ब्लूमबर्ग यांच्या देणगीमुळे जॉन्स हॉपकिन्समध्ये तीन लाख डॉलरच्या खाली उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी गेली. या जागा अर्थातच फार थोड्यांना मिळतात. पण जे मूल बीएस-एमडीच्या चाळणीतून पार होतं, ते चार वर्षांनी अशा ठिकाणी अर्ज करू शकणाऱ्यांपैकीच असतं. बाहेर अर्ज करायला बंदी असलेला कार्यक्रम घेताना ही दारं आपण स्वतः बंद करतो, हे डोळे उघडे ठेवून करावं.

आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. मुलगा एच-४ वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे. अर्ज करावा का?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण इथे चूक महागात पडते आणि शाळेतल्या काउन्सेलरना या बाबतीत बहुधा काही माहिती नसते.

पहिलं म्हणजे, बरेच बीएस-एमडी कार्यक्रम फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच घेतात. सरकारी विद्यापीठांच्या काही कार्यक्रमांत त्या राज्याचा रहिवासी असण्याचीही अट असते. अर्जाची फी भरण्याआधी, निबंध लिहिण्याआधी प्रत्येक ठिकाणी ईमेल करून विचारा. प्रश्न अगदी थेट लिहा: विद्यार्थी एच-४ वर आहे, एकविसाव्या वर्षी तो एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेला तर मेडिकलची राखीव जागा टिकेल का?

कारण तीच खरी अडचण आहे. एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो, आणि ते वर्ष कार्यक्रमाच्या मधोमध येतं. भारतीयांची रोजगारावर आधारलेली रांग दहा वर्षांहून लांब आहे, त्यामुळे लहानपणी इथे आलेलं मूलही रांग संपण्याआधी वयाबाहेर जाऊ शकतं. अशा मुलांचं वय मोजण्याच्या सीएसपीए कायद्याने काही दिवस वयातून वजा होतात, पण किती होतात ते तुमच्या कागदांवर अवलंबून आहे. ते वकिलाकडून आत्ताच काढून घ्या, मूल विसाव्या वर्षात जाईपर्यंत थांबू नका. सरकारी कर्ज एच-४ वर मिळत नाही आणि एफ-१ वर गेल्यावरही नाही, पुष्कळ मेडिकल कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत, आणि घेणाऱ्यांपैकी काही जण पुढच्या वर्षांचे पैसे आगाऊ एस्क्रो खात्यात (फीसाठी राखून ठेवलेल्या खात्यात) ठेवायला सांगतात. पुढे रेसिडेन्सीच्या वेळी व्हिसाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

ज्यांच्या मुलांनी आयुष्यातली पंधरा वर्षं इथे काढली, इथल्याच शाळेत अव्वल आली, त्यांना हे वाचून दाखवताना मला वाईट वाटतं. मूल यात कुठेच कमी पडलेलं नसतं, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. एखाद्या कार्यक्रमाने लेखी 'हो' म्हटलं, तर इतर कुठल्याही घरापेक्षा तुमच्यासाठी त्या 'हो'ची किंमत जास्त आहे, आणि तेव्हा मी बहुधा 'घ्या' असंच म्हणेन.

पुढे रेसिडेन्सी मिळताना बीएस-एमडीचा फायदातोटा होतो का?

तुम्ही मेडिकलला कुठल्या वाटेने आलात हे रेसिडेन्सीवाले फारसं पाहत नाहीत. स्टेप २ या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेचे गुण, वॉर्डांतल्या फिरत्या, शिफारसपत्रं, संशोधन यांवर निवड होते. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी झाली, त्यामुळे बाकीच्या गोष्टींचं वजन वाढलं. न्यूरोसर्जरी किंवा त्वचाविकार अशा चुरशीच्या शाखांची आस असेल तर मेडिकल कॉलेजात त्या शाखेचा स्वतःचा विभाग आणि संशोधन आहे का ते बघा.

बीएस-डीओ घ्यावं का? लोक नाक मुरडतात.

मुरडू द्या. डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची पदवी घेतलेले) पूर्ण डॉक्टर असतात, आणि २०२० पासून एमडी आणि डीओ यांच्या रेसिडेन्सींची मान्यता एकाच यंत्रणेखाली आहे. मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, दोघांचं यश नव्वद टक्क्यांच्या वर आहे. अतिचुरशीच्या शाखांत डीओंना अजून जड जातं, हे मान्य. कुटुंबवैद्य, बालरोग, इंटर्नल मेडिसिन यांकडे ओढा असलेल्या मुलासाठी चांगला बीएस-डीओ हा उत्तम मार्ग आहे.

त्यापेक्षा महाराष्ट्रात एमबीबीएस किंवा कॅरिबियनला पाठवलं तर?

महाराष्ट्रातल्या खासगी कॉलेजांत एनआरआय जागा असतात, त्यांच्यासाठीही 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ४ मार्च २०२१ नंतर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) मिळालेल्या मुलांना या एनआरआय जागांखेरीज दुसऱ्या जागांवर हक्क सांगता येत नाही. शिक्षण चांगलं मिळू शकतं, आजीआजोबा जवळ असतात, मराठी रुग्णांशी बोलताना मूल खुलतं. अमेरिकेत परत यायचं असेल तर गणित बदलतं. अमेरिकेतल्या एमडीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी ९३ टक्क्यांच्या आसपास मुलांना मॅचमध्ये जागा मिळते. बाहेर शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांना तीनांत दोघांना. त्या तिसऱ्याच्या हाती पदवी असते, काहींच्या डोक्यावर कर्ज असतं, आणि रेसिडेन्सीशिवाय इथे डॉक्टरकी करता येत नाही. इथे राहायचं नक्की असेल तर मी हा रस्ता शेवटी ठेवते.

सल्लागाराला हजारो डॉलर द्यावेत का?

नाही. अंतिम मुदती, अटी आणि निबंधांचे विषय कॉलेजं स्वतः जाहीर करतात. निबंध मुलाने स्वतः लिहावा, आणि तो मुलाला ओळखणाऱ्या, पण खरं बोलणाऱ्या एका मोठ्या माणसाने वाचावा. पॉलिश केलेला निबंध मुलाखतीत पाच मिनिटांत उघडा पडतो.

ऑफर आली. एक मेच्या आत ठरवायचंय. काय विचारू?

कार्यक्रमाच्या कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर लेखी मागा. चार-पाच वर्षांपूर्वी किती मुलं आत आली आणि त्यातली किती आज त्यांच्याच मेडिकल कॉलेजात आहेत? उरलेली का गेली: अटी चुकल्या, मन बदललं, की दुसरं चांगलं मिळालं? जीपीए एका सत्रात घसरला तर सुधारायला वेळ मिळतो का? मेडिकल एक वर्ष पुढे ढकलता येतं का? शिष्यवृत्ती पदवीपुरतीच आहे का? पहिला प्रश्न टाळणाऱ्या कार्यक्रमाबद्दल मला शंका येते.

मग मुलाला तिथे रात्रभर राहू द्या, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलांबरोबर, तुमच्याशिवाय. ती मुलं दमलेली असतील, पण आपल्या अभ्यासाबद्दल बोलताना त्यांचा चेहरा कसा होतो ते त्याला पाहू द्या. घरी परतताना गाडीत लगेच मत विचारू नका.

सगळीकडून नकार आला तर?

असं बहुतेकांचं होतं, आणि त्यानंतरही पुष्कळजण डॉक्टर होतात. मुलाला जे कॉलेज मनापासून आवडतं तिथे त्याने जावं. पहिल्या वर्षी विज्ञानाचे विषय जड वाटले तर एका वेळी कमी घ्यावेत, जीपीए सांभाळावा. दुसऱ्या वर्षात अर्ली अश्युरन्सची संधी असते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल कॉलेजच्या फ्लेक्समेडसारख्या कार्यक्रमात कुठल्याही कॉलेजातलं, कुठल्याही विषयाचं मूल दुसऱ्या वर्षी अर्ज करू शकतं, आणि निवड झाल्यास एमकॅटशिवाय मेडिकलची जागा मिळते. तोवर ते एकोणीस-वीस वर्षांचं झालेलं असतं आणि स्वतःबद्दल त्याला बरंच जास्त माहीत असतं. तेही नाही झालं, तर नेहमीचे अर्ज मे महिन्यात उघडतात. अर्ज पाठवता येऊ लागले की पहिल्या दोन आठवड्यांत पाठवा, कारण मुलाखती जसजसे अर्ज येतात तसतशा वाटल्या जातात आणि उशीर करणाऱ्यांच्या जागा खरोखर कमी होतात.